कतञ्ञू आणि कतवेदी : संकटकाळी राबलेल्या हातांच्या निमित्ताने

महामंगल सुत्त आपल्या विहारांत, घरांत, मंगलकार्यात आणि पुण्यानुमोदनाच्या प्रसंगीही म्हटले जाते. वसतिगृहात राहून गेलेल्या विद्यार्थ्यांना तर ते मुखोद्गत असते. त्यात सांगितलेल्या मंगलांमध्ये 'कतञ्ञुता' म्हणजे कृतज्ञता हे एक आहे. मराठीत आपण या एकाच शब्दावर भागवतो. पालि वाङ्मयात मात्र पुष्कळदा दोन शब्द जोडीने येतात : कतञ्ञू आणि कतवेदी. अंगुत्तर निकायाच्या दुक निपातात तथागतांनी जगात दुर्मीळ असलेली दोन प्रकारची माणसे सांगितली आहेत. पहिला, आपण होऊन आधी उपकार करणारा. दुसरा कतञ्ञू-कतवेदी. आपल्यासाठी काय केले गेले हे जो जाणतो तो कतञ्ञू, आणि ती जाणीव जो कृतीने प्रकट करतो, उपकार फेडतो, तो कतवेदी. जाणणे आणि फेडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवाचून दुसरी घडू शकत नाही, हे या जोडशब्दात गृहीत आहे.

करोनाच्या महामारीत अत्यावश्यक सेवा देणाऱ्या श्रमिकांविषयी आपल्या समाजाने जी कृतज्ञता दाखवली, तिचा विचार या दोन शब्दांच्या आधारे करावा असे आम्हांस वाटते. विषय जुना झाला असे काहींना वाटेल. आमच्या मते आताच तो शांतपणे पाहता येतो.

२२ मार्च २०२० रोजी, रविवारी सायंकाळी पाच वाजता, देशभर लोकांनी दारांत, गच्चीवर उभे राहून टाळ्या व थाळ्या वाजवल्या. नागपूरही त्याला अपवाद नव्हते. ३ मे रोजी वायुसेनेच्या हेलिकॉप्टरांनी अनेक शहरांतील रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. या उपक्रमांची थट्टा करणाऱ्यांत आम्ही नाही; थाळी वाजवणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात खरी कळवळ होती. परंतु तारखांकडे लक्ष द्यावे. थाळ्या वाजल्या तेव्हा देशव्यापी टाळेबंदी सुरूदेखील झालेली नव्हती. ती २५ मार्चपासून लागू झाली. नागपुरात पहिला रुग्ण आढळून जेमतेम अकरा दिवस झाले होते. म्हणजे आभार आधी मानले गेले आणि काम नंतर झाले. पुढे एप्रिल २०२१ मध्ये, नागपूर जिल्ह्यात एका दिवसात सात हजारांच्या वर रुग्ण नोंदले जात होते, मेडिकल आणि मेयोत खाट मिळत नव्हती, घाटांवर प्रेतांची रांग लागत होती, तेव्हा कुठे थाळी वाजल्याचे ऐकिवात नाही. जे 'कृत' आहे ते घडण्यापूर्वीच आपण त्याची फेड करून मोकळे झालो होतो.

मग ते 'कृत' नेमके काय होते?

सतरंजीपुरा, मोमिनपुरा हे भाग प्रतिबंधित झाले, गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले गेले, तेव्हाही आत कचरा साचतच होता आणि तो उचलायला माणूस आत जातच होता. आमदार निवासात विलगीकरण केंद्र झाले. तिथल्या खोल्या कोणीतरी झाडल्या, जेवणाची पाकिटे दाराशी कोणीतरी ठेवली, वापरलेले मास्क कोणीतरी गोळा केले. रुग्णालयात डॉक्टर व परिचारिका यांच्याबरोबर कक्षसेवक होते, आया होत्या. रुग्णाचे अंग पुसणे, भांडे देणे, मृतदेह पिशवीत बांधून शवागारात नेणे ही कामे त्यांची. आप्तांना जवळ येण्यास बंदी होती, म्हणून अनेक नागपूरकरांना अखेरचे पाणी पाजणारे हात याच लोकांचे होते. दुसऱ्या लाटेत घाटांवर सरण रचणारे महापालिकेचे कर्मचारी होते. आपल्या वस्त्यांतील कितीतरी कुटुंबांनी आपल्या माणसाचा निरोप शंभर पावलांवरून घेतला. जवळ जाऊन अग्नी देणारा माणूस कोण होता हे त्यांना आजही ठाऊक नाही.

रुग्णालयातील आयाबाईंना सगळे 'मावशी' म्हणतात. हाक गोड आहे. पण मावशी म्हटले की नाव विचारण्याची गरज उरत नाही, हेही खरे.

नागपुरातील सफाई कामगारांविषयी बोलताना एका शब्दापाशी थांबणे भाग आहे. तो शब्द 'ऐवजदार'. महापालिकेच्या सफाई खात्यात वर्षानुवर्षे हजारो कामगार ऐवजदार म्हणून राबत आले. ऐवज म्हणजे बदला, मोबदल्यात दिलेली वस्तू. ऐवजदार म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभा राहिलेला माणूस. ज्यांच्या घरात एम्प्रेस मिलची किंवा मॉडेल मिलची पाळी कोणी केली असेल, त्यांना 'बदली कामगार' हा प्रकार आठवेल. हाही त्याच जातीचा. कायम कामगार रजेवर असेल तर त्याच्या जागी काम, नसेल तर नाही, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात ऐवजदार रोज पहाटे हजेरीला उभा राहतो, रोज तोच रस्ता झाडतो. वीस वर्षे सेवा झालेल्या ऐवजदारांना स्थायी करण्याचा निर्णय शासनाने घेतला आणि त्यातून अनेकांना न्याय मिळाला, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही हिशेब करून पाहावा. विसाव्या वर्षी झाडू हाती घेतलेला मुलगा चाळिशीत पोचेपर्यंत कोणाच्या तरी 'ऐवजी'च काम करीत राहतो. करोनाच्या दोन वर्षांत शहर स्वच्छ ठेवणाऱ्यांत असे किती होते याचा विचार आपण कितीदा केला? त्यांच्या मनगटावर महापालिकेने जीपीएस घड्याळ बांधले होते. कामगार कोणत्या गल्लीत आहे हे त्यावरून कार्यालयात कळे. त्याच्या हातात मोजे आहेत की नाहीत हे कळण्याची सोय त्यात नव्हती.

महामारीत 'अत्यावश्यक' हा शब्द गौरवाचा झाला. गाड्यांच्या काचांवर तो अभिमानाने चिकटवला गेला. परंतु कायद्याच्या पुस्तकात तो गौरवासाठी आलेला नाही. केंद्राचा अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा १९६८ चा. महाराष्ट्राचा कायदा 'मेस्मा' या नावाने परिचित आहे. दोन्हींचा मुख्य उद्देश एकच : अशा सेवेतील लोकांना संप करू न देणे. मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी सेविकांना मेस्मा लावण्यात आला होता. विधिमंडळात मोठा विरोध झाल्यावर त्याला स्थगिती द्यावी लागली. मानधनावर काम करणाऱ्या, शासकीय कर्मचारी म्हणून गणल्या न जाणाऱ्या स्त्रियांना संपाच्या बाबतीत मात्र अत्यावश्यक ठरवले गेले, यातली विसंगती तेव्हा अनेकांनी बोलून दाखवली होती.

याची मुळे आणखी मागे जातात. ब्रिटिश काळातील नगरपालिका कायद्यांत सफाई कामगाराने पूर्वसूचनेशिवाय काम सोडणे हा शिक्षापात्र गुन्हा मानला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या स्थितीविषयीच्या आपल्या लेखनात या तरतुदींकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. इतर कोणत्याही नोकराने काम सोडले तर तो कराराचा भंग ठरतो आणि फार तर भरपाईचा प्रश्न उद्भवतो. भंग्याने काम सोडले तर तो तुरुंगात जातो, हा त्यांच्या मांडणीचा रोख. ज्याच्यावाचून शहराचे चालत नाही त्याला चांगले वेतन देऊन टिकवून ठेवावे, हा विचार तेव्हा सुचला नाही. बांधून ठेवावे, हा सुचला. आपले आजोबा-पणजोबा येसकर, तराळ म्हणून गावाची अत्यावश्यक सेवाच करीत होते. मेलेले ढोर ओढणे, सांगावा घेऊन दुसऱ्या गावी जाणे, सरकारी अंमलदार आला की त्याच्यामागे धावणे. या कामांवाचून गावगाडा अडत असे, आणि बदल्यात मिळे ती शिळी भाकर. १९५६ साली याच शहरात धम्मदीक्षा घेताना लोकांनी जे मागे टाकले, त्यात हे 'आवश्यक असणे'ही होते. म्हणून 'अत्यावश्यक' म्हणून कोणी आरती ओवाळू लागले की आपल्या समाजातल्या वडीलधाऱ्यांना थोडे सावध व्हावेसे वाटते, आणि ते योग्यच आहे.

बौद्ध परंपरेत सेवा करणाऱ्याचा मान कसा राखला गेला हे पाहण्यासाठी विनयपिटकातील महावग्गाकडे वळू. चीवरक्खन्धक नावाचे प्रकरण आहे. विषय वस्त्रांचा, पण त्यातच एका आजारी भिक्खूची प्रसिद्ध कथा येते. अतिसाराने व्याकूळ झालेला तो भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तथागत आनंदासह विहारात फिरत असता त्यांनी त्याला पाहिले. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे विचारता तो म्हणाला की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडलो नाही, म्हणून कोणी करीत नाही. तेव्हा आनंदाने पाणी आणले, तथागतांनी ते ओतले, दोघांनी मिळून त्याला धुतले, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून उचलून मंचकावर निजवले. पुढे संघाला बोलावून तथागतांनी सांगितले की तुम्हांला येथे आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाहीत तर कोण करणार?

ही कथा आपण मुलांना सांगतो आणि बहुधा इथेच थांबतो. ग्रंथ मात्र इथे थांबत नाही. उत्तम शुश्रूषकाला काय यावे लागते याचे बारीक वर्णन पुढे येते. त्याला औषध तयार करता आले पाहिजे, पथ्य-अपथ्य कळले पाहिजे; मल, मूत्र, थुंकी, वांती उचलताना किळस वाटता कामा नये; लोभाने नव्हे तर मैत्रीभावनेने सेवा केली पाहिजे; वेळोवेळी रुग्णाचे मन उल्हसित करता आले पाहिजे. ज्याची सेवा करणे अवघड जाते अशा रुग्णाचीही लक्षणे दिली आहेत : तो औषध घेत नाही, पथ्य पाळत नाही, प्रमाण जाणत नाही, आजार खरा काय तो सांगत नाही, वेदना सोसत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी शुश्रूषा हे एक कौशल्य मानले गेले आणि रुग्णालाही त्याच्या बाजूचे कर्तव्य सांगितले गेले. लक्षणे लपवून घरोघर हिंडणाऱ्यांची २०२० सालातली उदाहरणे वाचकांनी आठवावीत.

याच प्रकरणात आणखी एक नियम आहे, आणि आमच्या विषयाचा गाभा त्यात आहे. भिक्खू मरण पावला तर त्याचे पात्र व चीवर यांवर मालकी संघाची. परंतु शुश्रूषा करणारे बहुत उपकारी असतात, म्हणून ती पात्र-चीवरे त्यांना द्यावीत अशी अनुज्ञा तथागतांनी दिली. भिक्खूजवळ मालमत्ता म्हणावी अशी एवढीच, तीच सेवकाला. तीही एकाने मनात येईल तेव्हा उचलून देण्याची बक्षिसी नव्हे. संघासमोर ठराव मांडायचा, संघाची संमती घ्यायची आणि मग द्यायचे, अशी रीत घालून दिली आहे. पुढे प्रश्न निघाला की एका रुग्णाची सेवा एक भिक्खू आणि एक श्रामणेर अशा दोघांनी केली असेल तर काय? श्रामणेर म्हणजे अजून उपसंपदा न झालेला, संघातला कनिष्ठ. त्याला किती द्यावे? तथागतांनी निर्णय दिला : समान वाटा.

कायम, ऐवजदार, कंत्राटी, मानधनी अशा उतरंडीत एकच काम करणाऱ्यांना चार वेगवेगळे दर देणाऱ्या व्यवस्थेत आपण राहतो. त्या पार्श्वभूमीवर हा निर्णय शांतपणे पुन्हा वाचण्यासारखा आहे.

सेवेच्या गौरवात आपण आणखी एक फरक नकळत करतो. सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. संत गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. ते आपल्या विदर्भाचे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, तेही गेले. या दोघांपुढे आपण नतमस्तक होतो, आणि व्हायलाच हवे. पण खराटा गाडगेबाबांच्या हातात असला की तो पूज्य आणि पोटासाठी झाडणाऱ्या बाईच्या हातात असला की तिच्यापासून पदर सावरून चालायचे, ही रीत गाडगेबाबांना तरी मान्य झाली असती का? स्वेच्छेने केलेल्या सेवेला समाज त्याग म्हणतो. वेतनासाठी केलेल्या त्याच सेवेला तो 'त्यांचे कामच आहे' म्हणतो. संसर्गाचा धोका दोघांनाही सारखाच होता.

आशा सेविकांच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ही योजना आली. आशा ही 'स्वयंसेविका' मानली गेल्यामुळे तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला आणि मानधन आहे. मान आणि धन हे दोन्ही शब्द त्यात आहेत, पण पदरात दोन्हींपैकी पुरेसे काहीच पडत नाही, असे एका आशाताईंनी आम्हांस हसत सांगितले होते. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली तेव्हा ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन दारोदार त्याच गेल्या. काही दारे तोंडावर बंद झाली. १५ जून २०२१ पासून राज्यातील सुमारे सत्तर हजार आशा व गटप्रवर्तकांनी संप केला. आठवडाभराने तो मिटला तेव्हा आशांना दरमहा एक हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मान्य झाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पातळीवर सन्मान केला. त्यानंतरही मानधनवाढीसाठी त्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले, तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये पाच हजारांची वाढ पदरी पडली. जिनिव्हातील सन्मान आणि आझाद मैदानावरील ठिय्या हे दोन्ही त्याच बायकांच्या वाट्याला आले. पहिला कतञ्ञुतेचा म्हणता येईल. दुसऱ्याची गरज पडली, कारण कतवेदिता आपण होऊन आली नाही.

फेड कशी असावी, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला त्याच खात्यात नोकरी मिळते. कामगार संघटनांनी हा हक्क झगडून राखला आहे. अकाली मृत्यू ज्या पेशात नित्याचे, तिथे घर सावरणारा हा एकमेव आधार असतो, हे आम्ही जाणतो. तरी वसतिगृहशाळा चालवणाऱ्यांना यात एक गोष्ट सतावते. उपकाराची फेड म्हणून बापाचा झाडू मुलाच्या हाती द्यायचा, हे फेडणे की पुन्हा बांधणे? हक्क काढून घ्यावा असे आम्ही कदापि म्हणणार नाही. वारसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणे दुसरे पद मिळण्याचा मार्ग रुंद व्हावा, आणि तोपर्यंत त्या घरातील मुलगी दहावीनंतर शाळा सोडणार नाही एवढे आपल्यासारख्या संस्थांनी पाहावे, असे आमचे मत आहे. यावर माजी विद्यार्थ्यांत मतभेद असतील. अनेकजण आज प्रशासनात आहेत, काही संघटनांत आहेत. त्यांनी आपले म्हणणे मांडावे.

प्रवेशअर्जात 'पालकांचा व्यवसाय' असा रकाना असतो. सफाई कामगार असलेले वडील त्यात बहुधा 'नोकरी' एवढेच लिहितात; रुग्णालयात आया असलेली आई 'गृहिणी' लिहून घेते. मुलाला कोणी काही बोलू नये, ही त्यामागची काळजी. ज्या शहराने थाळ्या वाजवल्या त्याच शहरात ही काळजी वाटते, यावरून आपली कृतज्ञता कुठवर पोचली ते कळते. विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय येतो आणि परततो. दुसऱ्या दिवशी तो परिसर झाडून काढणाऱ्या पथकांत आपल्याच काही पालकांचा समावेश असतो. २०२० साली महामारीमुळे दीक्षाभूमीवरील सोहळा झाला नाही, तेव्हा ते पालक शहरात इतरत्र, अधिक धोक्याच्या ठिकाणी राबत होते.

थेरगाथेत सुनीत थेरांच्या गाथा आहेत. पूर्वायुष्यात ते वाळलेली फुले झाडून नेण्याचे हीन मानलेले काम करीत. भिक्खू झाल्यावर त्यांनी ती हकीकत लपवली नाही. आपण काय करीत होतो आणि तथागतांनी आपल्याला कसे जवळ बोलावले, हे स्वतःच्या तोंडाने सांगितले, आणि संघाने ते जतन केले. म्हणूनच आज आपण सुनीत थेरांना त्यांच्या नावानिशी आणि कामानिशी ओळखतो.

त्या धर्तीवर आमची एक विनंती आहे. मार्च २०२० ते डिसेंबर २०२१ या काळात ज्या पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी रुग्णालयात, घाटावर, रस्त्यावर, रुग्णवाहिकेवर, रेशन दुकानात किंवा कुणाच्या स्वयंपाकघरात काम केले, त्यांनी आपली हकीकत पुढील स्मरणिकेसाठी द्यावी. पहाटे किती वाजता घर सोडत होता, काय साहित्य मिळाले, मोबदला किती व कधी हाती आला, घरी परतल्यावर मुलांपासून किती दिवस दूर राहिलात, एवढे लिहिले तरी पुरे. नाव द्यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. भाषा वऱ्हाडी असो, झाडी असो, आहे तशीच छापली जाईल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या मुलांनी उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्यापाशी बसून, ऐकून लिहून आणावे.